सातवी ते नववीच्या मुलांसाठी मराठी कादंबऱ्या: कोणत्या घ्याव्यात, कशा द्याव्यात?

बावडा_वाचनकट्टा

नमस्कार. कसबा बावड्यात दर रविवारी सकाळी १० ते ११.३० मुलांचा वाचनकट्टा सुरू होतोय. २४ नावं आली आहेत: सातवीची ९, आठवीची ८, नववीची ७. निम्मी मराठी माध्यमाची, बाकीची सेमी, तिघं पूर्ण इंग्रजी माध्यमाची.

या वयाला राजा-राणीच्या गोष्टी पुरत नाहीत आणि मोठ्यांची कादंबरी हातात दिली तर तीस-चाळीस पानांत मिटली जाते. पालकांकडून 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाति' ही नावं येतात. नववीच्या मुलांना 'शाळा' हवी आहे. पहिल्या खरेदीत एकूण ३० पुस्तकं बसतील. कोणती घ्यावीत, कशाच्या किती प्रती घ्याव्यात आणि कुणाला काय द्यावं? नुसती नावं नकोत, कारणंही सांगा.

पंचगंगाकाठ

इयत्तेवरून पुस्तक ठरवायच्या आधी पहिल्या रविवारी प्रत्येकाचा वाचनवेग मोजा. कादंबरीच्या एका पानात साधारण २५० ते ३०० शब्द असतात. एक पान मनात वाचायला द्या, घड्याळ लावा आणि पान झाकून काय घडलं ते दोन वाक्यांत विचारा. दोन मिनिटांत पान झालं आणि सांगता आलं, तर रोजच्या वीस मिनिटांत दहा पानं होतात. दीडशे पानांची कादंबरी पंधरा दिवसांत संपते. पानाला चार मिनिटं लागत असतील तर तीच कादंबरी महिनाभर चालते, आणि तोवर पहिल्या प्रकरणातली माणसं डोक्यातून गेलेली असतात. पुस्तक अर्ध्यावर राहतं ते बऱ्याचदा यामुळे. आपण मात्र 'मुलाला आवड नाही' म्हणून मोकळे होतो. अशा मुलाला शंभर पानांच्या आतलं, छोट्या प्रकरणांचं पुस्तक द्या. ते वीस दिवसांच्या आत संपलं पाहिजे. पहिलं पुस्तक संपणं फार महत्त्वाचं आहे, मग ते कुठलंही असो.

सुरुवातीला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याची विद्याभवन शाळा, सायकल आणि 'ट्टॉक'. वीस पुस्तकं आहेत, प्रत्येकाचं कथानक वेगळं आहे, त्यामुळे कुठल्याही क्रमानं वाचता येतात. दोन-तीन बैठकांत एक पुस्तक होतं. वाक्यं आखूड, संवाद भरपूर आणि संकट पहिल्या काही पानांतच येतं. अडतं ते जुन्या काळात: तार, ट्रंककॉल असल्या गोष्टी आजच्या मुलांना ठाऊक नसतात. पुस्तक देतानाच अशा चार-पाच शब्दांचा अर्थ सांगून टाका, पुढे काही अडत नाही. याच्या सहा वेगवेगळ्या प्रती घ्या, एकाच्या सहा नकोत. मुलं आपसांत बदलून घेतात आणि एक जण वाचतोय म्हणून दुसरा वाचतो.

ज्यांना हे सोपं वाटेल त्यांना सत्यजित राय यांचा 'फेलूदा'. रोहन प्रकाशनाने अशोक जैन यांच्या अनुवादात आणला आहे. गोष्ट सांगणारा तोपशे हा फेलूदाचा किशोरवयीन चुलतभाऊ आहे, म्हणून या वयाला तो जवळचा वाटतो. हाणामारी कमी, निरीक्षण आणि तर्क जास्त. इथे एक युक्ती लागू पडते. उलगडा होण्याच्या आधीच्या प्रकरणात वाचन थांबवायला सांगा आणि संशयित कोण, कशावरून, हे वहीत तीन मुद्द्यांत लिहून घ्या. मग मुलं मागची पानं पुन्हा चाळतात, आणि बारकाईनं वाचायची सवय लागते ती तिथूनच.

विज्ञानाची ओढ असलेल्यांना जयंत नारळीकर. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापूरचा, १९३८ चा, हे मुलांना जरूर सांगा. 'प्रेषित', 'व्हायरस', 'वामन परत न आला' या तिन्ही कादंबऱ्या आटोपशीर आहेत. यात मुलं अडतात ती विज्ञानाच्या स्पष्टीकरणाच्या परिच्छेदांवर. तो परिच्छेद एकदा वाचून पुढे जायचं, कळला नाही तर पेन्सिलीनं बारीक खूण करायची आणि रविवारी विचारायचं, असं आधीच ठरवून द्या. नाहीतर मूल त्याच पानावर तीन दिवस बसून राहतं.

आठवीपासून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ ची कादंबरी, पण वाक्य आजही एकदम स्वच्छ. पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, एवढ्यावर ती उभी आहे. अंगानं लहान, प्रकरणंही लहान. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा पाहिलेल्या मुलांना मेंढरं, घोंगडं, भंडारा समजावून सांगावा लागत नाही. हिच्या मात्र चार प्रती घ्या, कारण ही एकत्र वाचण्याची कादंबरी आहे. हिच्यात रहस्य नाही. एकट्यानं वाचताना 'पुढे काहीच घडत नाही' म्हणून मूल ठेवून देतं. चौघांनी मिळून वाचली तर बोलणं सुरू होतं: मास्तरवर वाडीचा विश्वास नक्की कधी बसला, दुष्काळ पडल्यावर शाळेचं काय झालं.

कागल_नाका

वरच्या यादीत कोल्हापूरच्या बोलीचा मुद्दा राहिला.

आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९९०) ही कागलच्या मातीतली आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे. शिकण्यासाठी घरच्यांशी आणि गरिबीशी झगडणाऱ्या पोराची गोष्ट. एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक कठीण, असा नियम बरेच जण वापरतात. 'झोंबी'ला तो लावू नका. छापलेला शब्द डोळ्याला अनोळखी असतो, पण मोठ्यानं उच्चारला की घरात आजी बोलते तोच निघतो. म्हणून पहिली दहा पानं मोठ्यानंच वाचा आणि शक्यतो इकडच्या हेलात वाचणाऱ्यालाच वाचायला लावा.

खरा अडसर आहे तो मोडीत निघालेल्या वस्तूंचा. विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या आणि मोट गेली, तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळं हे शब्दही गेले. फळ्यावर मोटेचं साधं चित्र काढा: चामड्याची मोट, तिला वर ओढणारा जाड दोर तो नाडा, सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर, बैल जिथून उतारानं खाली जातात ती धाव, मोटेचं पाणी जिथे ओततं ते थारोळं. दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतर मोट हाकण्याची वर्णनं मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात.

'झोंबी' जाडजूड आहे आणि मारझोड, उपासमार स्पष्ट येते. नववीच्या आधी पूर्ण देऊ नका. सातवी-आठवीला निवडक भाग वाचून दाखवा. एकच प्रत घ्या. ज्याला ती लागेल तो स्वतःहून पुढचे 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' हे भाग मागेल.

प्रकाश नारायण संतांचा लंपन विसरू नका. क्रम असा: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. तांत्रिक अर्थानं ही कादंबरी नाही, दीर्घकथा आहेत, पण मुलगा तोच, आजी-आजोबांचं घर तेच, त्यामुळे कादंबरीसारखीच वाचली जाते. माझ्या मते या वयासाठी मराठीत याहून चांगलं लेखन नाही. बेळगावकडची कानडी वळणाची मराठी आहे, गडहिंग्लज-चंदगडकडच्या मुलांना ती ओळखीची वाटते. सेमीच्या मुलांचं वाचन कच्चं असेल तर एकेक कथा स्वतंत्रपणे द्या. एक कथा संपली की काहीतरी संपवल्याचं समाधान मिळतं. 'वनवास'च्या तीन प्रती तरी घ्याच.

बावडा_वाचनकट्टा

दोघांचेही मनापासून आभार. वेग मोजायचं आणि मोटेच्या चित्राचं नक्की करणार. दोन शंका. २४ मध्ये १३ मुली आहेत, आणि वरच्या जवळपास सगळ्या पुस्तकांत नायक मुलगाच आहे. दुसरं, इंग्रजी माध्यमाची तीन मुलं मराठी अक्षरं जुळवत वाचतात. त्यांना यात कसं घ्यायचं?

रंकाळा_चौपाटी

मुलींबद्दलची शंका रास्त आहे. मराठीत किशोरवयीन मुलगी मध्यभागी असलेल्या कादंबऱ्या कमीच आहेत, ही उणीव खरीच आहे. तोवर अनुवादांचा आधार घ्या. शान्ता शेळके यांचं 'चौघीजणी' पहिलं. चार बहिणी, चार स्वभाव, वडील युद्धावर गेलेले. आकारानं मोठं आहे, तरी पानं भराभर उलटतात, कारण प्रत्येक प्रकरणात एखादा घरगुती प्रसंग पूर्ण होतो. आठवीपासून द्या. ज्यो लिहिते, रागावते, केस कापून विकते. तिच्याबद्दल मुलं आणि मुली दोघंही तावातावानं बोलतात. हे मुलींचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नका. दोन प्रतींपैकी एक मुलाच्याच हातात जाऊ द्या. सातवीला 'तोत्तोचान', लहान प्रकरणं आणि अगदी सोपी भाषा. ती खरं तर आठवणींची गोष्ट आहे, पण चालेल. नववीला अ‍ॅन फ्रँकची डायरी. ती देण्याआधी दुसऱ्या महायुद्धाचा आणि ज्यूंच्या छळाचा अर्धा तास तरी पाया घाला, नाहीतर मुलगी माळ्यावर का लपली आहे हेच कळत नाही.

अनुवाद घेताना शीर्षकपान बघा. 'अनुवाद', 'रूपांतर', 'संक्षिप्त' या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. अनुवादकाचं नावच छापलेलं नसेल तर ते पुस्तक घेऊ नका. चारशे पानांची मूळ कादंबरी साठ पानांत बसवलेली असेल तर तिच्यात फक्त घटना उरतात, माणसं उरत नाहीत. राम पटवर्धनांचं 'पाडस' वाचलं की चांगला अनुवाद म्हणजे काय ते मोठ्यांनाही कळतं. मुलगा आणि हरणाचं पिल्लू, शेवट फार जड. आठवीच्या शेवटी किंवा नववीत, सुट्टी लागल्यावर द्या.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं अडतं जोडाक्षरांवर आणि लांब सामासिक शब्दांवर. अर्थ त्यांना कानानं कळतो, डोळा मागे पडतो. म्हणून कान आणि डोळा एकत्र चालवा: एकानं मोठ्यानं वाचायचं, यांनी त्याच पुस्तकात बोट फिरवत बघायचं. अर्ध्या तासात पंधरा पानं सहज होतात. तीन-चार रविवार असं झालं की पुढचं प्रकरण घरी एकट्यानं. त्यांना मोठ्या टाइपातली आवृत्ती शोधून द्या, बारीक टाइपात रफार आणि अर्धी अक्षरं नीट दिसत नाहीत. ज्यांनी 'हॅरी पॉटर' इंग्रजीत वाचला आहे त्यांना मराठीतला 'हॅरी पॉटर आणि परीस' द्या. कथा माहीत असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे जातं. यांना सगळ्यांसमोर एकट्यानं मोठ्यानं वाचायला मात्र लावू नका. एकदा हसं झालं की ते मूल पुढच्या रविवारी येत नाही.

शिवाजी_पेठ_९

पालकांच्या यादीबद्दल.

'ययाति' नको. खांडेकर कोल्हापूरचे, मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ मध्ये याच कादंबरीमुळे मिळालं, म्हणून पालक आदरानं नाव घेतात. पण तिचा विषय कामवासना आणि अतृप्ती हा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला त्यातलं तत्त्वचिंतन कळणार नाही आणि बाकीचं भलत्याच अर्थानं कळेल. बारावीनंतर वाचू दे.

'मृत्युंजय' नववीला द्या, पण सगळी एकदम नाही. शिवाजी सावंत आजऱ्याचे. कादंबरीचे नऊ भाग आहेत, आणि कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण अशी सहा माणसं आळीपाळीनं बोलतात. संस्कृतप्रचुर वाक्यं आणि लांब वर्णनं यांमुळे मुलं पहिल्याच भागात दमतात. एका महिन्याला एक भाग असं ठरवा. भाग बदलला की बोलणारा बदलतो, म्हणून मधे खंड पडला तरी धागा तुटत नाही. मूळ महाभारतातली कर्णाची गोष्ट आधी तोंडी सांगून ठेवा. कादंबरीतला कर्ण आणि महाभारतातला कर्ण यांत लेखकानं कुठे स्वातंत्र्य घेतलं, हा प्रश्न मुलांना फार आवडतो.

त्या मानानं रणजित देसाईंची 'स्वामी' सोपी. देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, कादंबरी १९६२ ची. माधवराव पेशवे झाले १७६१ मध्ये, पानिपतानंतर, आणि १७७२ मध्ये थेऊरला वारले, तेव्हा वय सत्तावीस. या तीन गोष्टी आधी फळ्यावर लिहा. राघोबादादा, गोपिकाबाई, रमाबाई यांची नाती दाखवणारा छोटा वंशवृक्ष पुस्तकात घालून ठेवा, कारण दरबारातली नावं मिसळली की वाचन थांबतं. शेवटी रमाबाई सती जातात. तो भाग गौरवाचा म्हणून मुलांच्या मनावर ठसू देऊ नका, सतीबंदीचा कायदा १८२९ मध्ये का करावा लागला यावर त्याच बैठकीत बोला.

आता 'शाळा'. मिलिंद बोकील यांची, २००४ ची. नववीचा वर्ग, आणीबाणीचा काळ, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. मुलांची आपसातली भाषा जशी असते तशी आहे, मुलींबद्दलचं बोलणंही तसंच. माझं मत: नववीत द्यावी. याच वयाच्या मनात काय चालतं ते इतक्या प्रामाणिकपणे सांगणारं पुस्तक दुसरं नाही. सिनेमा बघितलेली मुलं फक्त प्रेमकथा शोधतात आणि वर्गातले, सरांचे, घरचे प्रसंग उडी मारून जातात. त्यांना एकच काम द्या: मुकुंदाचा मामा त्याच्याशी कसा बोलतो तेवढं टिपून आणा.

कागल_नाका

'शाळा'बद्दल थोडा वेगळा विचार. एकेकट्याला द्यायला हरकत नाही, पण मिश्र गटात मोठ्यानं वाचू नका. मुली संकोचतात, मुलं त्यांच्याकडे बघून हसतात आणि पुस्तक विनाकारण बदनाम होतं. देण्याआधी चालवणाऱ्यानं स्वतः पूर्ण वाचलेलं असावं. पालकांना त्यात काय आहे ते दोन वाक्यांत आधी सांगावं, मागून तक्रार आल्यावर सांगण्यात अर्थ नाही. आणि कट्ट्यासाठी विकत घेण्यापेक्षा ग्रंथालयाची प्रत आणा.

नववीला एकत्र वाचायला 'शाळा'पेक्षा प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' (१९८१) जास्त उपयोगी. हिमालयात रस्ते बांधणाऱ्या सीमा सडक संघटनेतला तरुण इंजिनिअर विश्वनाथ, कातळ फोडून काढायचा रस्ता, आणि लष्कराचा नियम मोठा की माणसाचा जीव मोठा हा पेच. पहिल्या वीस पानांत लष्करी हुद्दे येतात: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल. त्यांची उतरंड कागदावर लिहून द्या. शेवटच्या चौकशीच्या भागासाठी मुलांना दोन बाजूंत विभागा आणि विश्वनाथ चुकला की नाही यावर प्रत्येक बाजूला पुस्तकातली तीन वाक्यं शोधायला लावा. दीड तास कमी पडतो.

पंचगंगाकाठ

'शाळा'बद्दल कागल_नाका यांच्याशी सहमत. आता ३० चा हिशेब मांडतो. फास्टर फेणे ६ वेगवेगळी, फेलूदा ५ वेगवेगळी, नारळीकर ३, 'बनगरवाडी' ४ प्रती, 'वनवास' ३, 'शारदा संगीत' १, 'रारंग ढांग' ३, 'चौघीजणी' २, 'स्वामी', 'झोंबी' आणि 'पाडस' प्रत्येकी १. झाली ३०. 'तोत्तोचान', अ‍ॅन फ्रँक, हॅरी पॉटर, 'मृत्युंजय', 'शाळा' ही पुस्तकं भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करून आणता येतील. १८५० पासूनची संस्था आहे, जुन्या पुस्तकांसाठी आधी तिथेच विचारावं. ज्यांना कादंबरी अजून पेलत नाही त्यांच्यासाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. दोन-तीन कथा छापून घ्या.

देवाणघेवाणीचा नियम एकच ठेवा: तीस पानं वाचून आवडलं नाही तर कारण न सांगता परत करता येईल. कारण विचारायला लागलात की मुलं खोटं सांगतात किंवा पुस्तक घरीच दडवून ठेवतात. मुदत पंधरा दिवस, एकदा वाढवून.

रंकाळा_चौपाटी

खरेदी करताना एक तपासणी दुकानातच करा. पुस्तक १६-१६ पानांच्या फॉर्मनं बांधलेलं असतं. बांधणीत चूक झाली तर सोळा पानं सलग गायब असतात किंवा तीच दोनदा येतात, आणि रहस्यकथेत नेमकं तेच नडतं. १६, ३२, ४८ असे आकडे धरून पानं भराभर चाळा, दोन मिनिटं लागतात. फूटपाथवरच्या नकली प्रतींत हा दोष आणि पुसट छपाई नेहमीचीच, शिवाय लेखकाला त्यातून काही मिळत नाही.

गोंदबांधणीचं नवं पुस्तक एकदम मधोमध उघडलं की कणा तडकतो. पुढून दहा पानं, मागून दहा पानं अशी हलक्या हातानं दाबत मधे या, मगच मुलांना द्या. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घाला, चिकटपट्टी कव्हरच्या आतल्या घडीला लावा, पुस्तकाला नको.

आपल्याकडचा पाऊस बघता कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा. पुस्तकं उभी, पण दाटून भरू नका, मधे हवा खेळली पाहिजे. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पंख्याखाली उघडी करून ठेवा. ओल धरली की आधी बुरशीचे ठिपके येतात, मग कसर लागते. बावड्यात पुराचं पाणी शिरणारा भाग असेल तर जुलैच्या सुरुवातीलाच सगळी तीस पुस्तकं मुलांच्या घरी वाटून टाका आणि कुणाकडे कोणतं गेलं ते वहीत लिहून ठेवा.